पुष्याचा पाठ

चांदा,
१० मार्च १९५८

तीर्थरूप माय हिस भागरताचा नमस्कार.

मुश्ताकभाऊ, हे पत्र मायला वाचून दाखवताना कृपा करून शिलाईचे मशीन थांबवावे. मागच्या वेळी अर्धे पत्र मशीनच्या आवाजात गेले, अशी तिची तक्रार आहे. सोबतचा आकृतीचा कागद तिच्या हातात द्यावा.

माय, माझी प्रकृती ठीक आहे. परीक्षा २१ एप्रिलला सुरू होईल. ती पार पडली की मला मास्तरीण म्हणून शाळा मिळेल. आपल्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारी मी पहिली. म्हणून की काय, इथे येऊन वर्ष होत आले तरी मला रोज वाटते की माझ्या हातून काहीतरी चुकेल आणि मला परत पाठवून देतील.

आता कामाचे. आमच्या भूगोलाच्या देशकरबाईंनी प्रत्येकीला एक नक्षत्र दिले आहे. ते घरच्या एका मोठ्या माणसाला पत्राने शिकवायचे. त्या माणसाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आणि आपल्या शब्दांत उत्तर पाठवायचे. ते उत्तर आम्ही पाठाला जोडून द्यायचे. कोणाला मृग आला, कोणाला सप्तर्षी. मला चिठ्ठीत पुष्य आला.

पुष्य फार अंधुक आहे. तीन बारीक तारे आणि त्यांच्यामध्ये धुराच्या डागासारखा एक पुंजका. त्याला एकदम शोधता येत नाही, शेजाऱ्यांवरून शोधावे लागते. जेवण झाल्यावर अंगणात खाट टाकून उताणी नीज. उगवतीच्या बाजूला दोन ठळक तारे जवळजवळ दिसतील. ते पुनर्वसूचे. मावळतीच्या बाजूला विळ्याच्या आकाराचे तारे दिसतील. ती मघा. या दोघांच्या मधोमध, जवळजवळ डोक्यावर, पुष्य आहे. सध्या अंधारा पक्ष आहे, तेव्हा दिसायला हरकत नाही.

काय दिसले ते तुझ्याच शब्दांत सांग. मी शिकवलेली तू पहिली विद्यार्थिनी. रागावू नकोस.

तुझी,
भागरता


बेलटोला, मार्गे वडसा,
१६ मार्च

भागरताले मायचा आशीर्वाद.

मुश्ताकले मी सांगतलं का मी बोलीन तसंच लिही, आपली मास्तरकी त्यात घालू नको. (तसेच लिहितो आहे. मशीनही थांबवले आहे. — मुश्ताक)

तुझं पत्र भेटलं. पोरगी मायले शिकवाले लागली म्हणून मुश्ताकची जमीला हासून राह्यली. हासू दे. पण तुझं हे नक्षत्र मले काही समजलं नाई. पुष्य म्हणजे धानाच्या रोवणीतलं नक्षत्र. त्यात पाणी पडलं का नाई हे पाहायचं असते. बाईमाणूस बांधीत वाकून राह्यते, तिले वर पाहाले सवड कुठी? अन् रातच्याले म्हणशील तर आम्हाले खाटलं माहीत आहे, खाटल्याच्या मागचे तीन चोर माहीत आहेत. तुझ्या बाईनं तुले चोर काऊन नाई देले? सोपे होते.

इथी मोह पडाले लागला. पहाटे शेजारच्या मंगलीसंग वेचाले जाते. उशीर केला का हरणं सगळं खाऊन टाकतात. दिवसभर फुलं वाळवा, अन् संध्याकाळ झाली का डोळा लागते.

दोन-तीन दिस आभाळ आहे, म्हणून पाहाले जमलं नाई. (काल आभाळ नव्हते. मी तसे म्हटले तर म्हणतात, तुझ्या घरावर नसन.)

माझं सगळं बरं आहे. तू जेवत जाय.

माय


चांदा,
१८ मार्च

माय,

तुझे उत्तर बाईंना दाखवायची माझी हिंमत झाली नाही. तुझे खाटले म्हणजेच सप्तर्षी, ते दुसरीला मिळाले. चोरांचे वाचून त्या हसल्या असत्या, पण पाठ पुरा झाला असे म्हणाल्या नसत्या.

तू म्हणतेस तो रोवणीतला पुष्य आणि हा पुष्य एकच. त्या दिवसांत सूर्य त्याच्या जवळ असतो, म्हणून तेव्हा तो दिसत नाही. आता उन्हाळ्याच्या तोंडी संध्याकाळी वर येतो. हे मी पहिल्या पत्रात सांगायला हवे होते. शिकवणाऱ्याने आधी शिकणाऱ्याला काय ठाऊक आहे ते विचारावे, असे आमच्या पुस्तकात आहे, आणि मी तेच विसरले.

महिनाअखेर पाठ द्यायचा आहे. बाकी सगळ्यांची उत्तरे आली. परवा अमावास्या. एकदाच बघ. नाही दिसला तर 'नाही दिसला' असे कळव, तेही उत्तरच आहे. मोहाला जाताना काठी नेत जा.

भागरता


बेलटोला,
२४ मार्च

भागरताले आशीर्वाद.

तुझं काम झालं. अवसेच्या दिवशी जेवण करून अंगणात खाट टाकली. दोन ठळक चांदण्या उगवतीकडं होत्या. इळा मावळतीकडं होता. मधात तुझा पुष्य, धुरावानी. तीन बारीक चांदण्या बी होत्या. तू जसं लिहिलं तसंच सगळं. काही कमीजास्त नाई. तुझ्या बाईले दाखव अन् सांग का माझी माय हुशार आहे.

पाडव्याले गोड केलं होतं. तुझी सय आली. माझं सगळं बरं आहे.

माय

(सांगितल्याप्रमाणे लिहिले आहे. बाकी मला काही विचारू नये. — मुश्ताक)


चांदा,
३१ मार्च

मुश्ताकभाऊ, सलाम.

हे पत्र मुद्दाम तुमच्या नावाने, दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. मायला वाचून दाखवू नका. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. तिला न सांगता मी आजवर काही केलेले नाही.

मायचे उत्तर मी पाठाला जोडून दिले. बाईंनी वाचले, मान डोलावली. काल दिवे लागल्यावर त्या आम्हाला गच्चीवर घेऊन गेल्या. चांदणे असल्यामुळे पुष्य दिसत नव्हता, पण त्याचे दोन्ही शेजारी चांदण्यातही दिसतात. भाऊ, पुनर्वसूचे दोन तारे मावळतीकडे होते आणि विळा उगवतीकडे. मी घाबरून म्हणाले, "बाई, हे उलटे झाले आहे." बाई म्हणाल्या, "आकाश उलटे होत नाही, भागरता. तुझी वही दाखव."

चूक माझीच. जमिनीच्या नकाशात पूर्व उजव्या हाताला असते. आकाशाचा नकाशा डोक्यावर धरून पाहायचा असतो, म्हणून त्यात पूर्व डावीकडे काढतात. मी तो जमिनीच्या नकाशासारखा वाचला आणि बाजू उलट लिहिल्या. मायला 'स्वतःच्या डोळ्यांनी बघ' म्हणून सांगितले, पण मी स्वतः गच्चीवर गेले नव्हते. दिवसभर पाठांतर असते, संध्याकाळी अंग आंबून जाते, आणि पुस्तकात आहे तेव्हा बरोबरच असणार असे मी धरून चालले.

गच्चीवर सगळ्यांसमोर मला फक्त लाज वाटत होती. जिना उतरताना मात्र पाय थांबले. चूक माझ्या पत्रात होती. ती मायच्या डोळ्यांत कशी गेली? तिने वर पाहिले असते तर 'पोरी, तुझं उलटं आहे' असे तिनेच मला कळवले असते, आणि गावभर सांगितले असते.

कंटाळून तिने पाहिलेच नसेल, असेही मनात आणून पाहिले. पण कंटाळली की ती 'मले सवड नाई' असे तोंडावर म्हणते. माय खोटे सांगते ते दुखणे लपवण्यासाठी. पायात काटा मोडून पाय सुजला होता, तेव्हाही तिने 'नाचून राह्यली' असेच कळवले होते. तुम्हीच ते लिहिले होते.

भाऊ, मायला अंधारात दिसते ना? ती पहाटे मोहाला जाते.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
भागरता


बेलटोला,
४ एप्रिल

बेटा भागरता,

तुझे पत्र येऊन दोन दिवस झाले. तुझ्या मायने माझ्याकडून कसम घेतली होती, तीही जमीलाच्या डोक्यावर हात ठेवून. म्हणून लिहीत नव्हतो. शेवटी जमीलाच म्हणाली, "माझ्या डोक्याचं मी पाहून घेईन, तुम्ही लिहा."

दिवाळीपासून तुझ्या मायला, रुखमाबाईंना, दिवस मावळला की दिसत नाही. दिवसा काही नाही. माझ्या सुईत दोरा त्याच ओवून देतात, वर मलाच म्हाताऱ्या म्हणतात. त्यामुळे गावात कोणाला संशय नाही. पण दिवेलागण झाली की भिंतीला हात लावून चालतात. एकदा अंगणातल्या उखळावर पडल्या, आणि सकाळी सगळ्यांना सांगितले की बकरीने ढुसणी दिली. जमीला रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून त्यांच्याकडे जाते.

पहाटे मोहाला मंगली पुढे असते. तिच्या बांगड्यांच्या आवाजामागे या चालतात. मंगलीलाही ठाऊक नाही. तिला वाटते, रुखमाबाई पाठ सोडत नाहीत, भित्र्या झाल्या.

अवसेला त्यांनी खाट टाकली होती हे खरे. बराच वेळ वर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "मुश्ताक, त्या कागदात काय लिहून आहे ते पुन्हा वाच." मी वाचले. त्यांनी तेच सांगितले, मी तेच लिहिले. शब्द त्यांचे, पण अक्षर माझे. माझा गुन्हा मी कबूल करतो.

मी त्यांना खूप समजावले. त्यांचे एकच म्हणणे. पोरीला कळले तर ती परीक्षा टाकून येईल, आणि हे घर पुन्हा अंगठ्यावर येईल. मी म्हटले, पडून मेलात तर? त्या म्हणाल्या, "तवा लिहिजो."

आता तू काय करायचे ते कर. मला मात्र त्यांच्यासमोर उभे राहायचे आहे. तुझे पाकीट आले ते त्यांनी दिवसाउजेडी पाहिले आहे. "दुकानाच्या नावानं पत्र येते, अन् मले वाचून दाखवत नाई," असे म्हणून सारख्या माझ्याकडे बघतात.

तुझा,
मुश्ताक


चांदा,
७ एप्रिल

माय,

मला सगळे कळले आहे. मुश्ताकभाऊंना बोलू नकोस. मी त्यांना विचारले, आणि मला शंका आली ती तुझ्याच उत्तरावरून. माझ्या पाठात बाजू उलट लिहिल्या होत्या. तू त्या तशाच पाहिल्यास.

इथल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारले. याला रातांधळेपणा म्हणतात. बहुतेक वेळा अन्नात काही कमी पडल्याने होतो. पालेभाजी, शेवग्याचा पाला, बकऱ्याची कलेजी खायला हवी, आणि सरकारी दवाखान्यात माशाचे तेल मिळते ते घ्यायला हवे. लवकर उपाय केला तर पुष्कळांचा सुधारतो, असे त्या म्हणाल्या. तुझा नक्की सुधारेल का, असे विचारल्यावर मात्र त्या म्हणाल्या की रोग्याला पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

मी देशकरबाईंकडे रजा मागितली आहे. त्यांनी मला समोर बसवून सांगितले की परीक्षेला बसले नाही तर माझी जागा दुसरीला जाईल, पुन्हा मिळेलच असे नाही. "मी तुला जा म्हणणार नाही, राहा म्हणणार नाही," असे त्या म्हणाल्या.

माय, काल तुझी सगळी पत्रे काढून बसले. प्रत्येकात 'माझं सगळं बरं आहे' असे आहे. त्यातले कोणते खरे मानू? मी इथे राहावे म्हणून तू लपवलेस. पण तू लपवतेस हे कळल्यापासून मला इथे राहता येत नाही. पुस्तक उघडते आणि मला पहाटेची मोहाची वाट दिसते. तू खरे कळवशील, अशी खात्री असती, तर मी बसून अभ्यास केला असता.

शनिवारच्या गाडीने निघायचे मी ठरवले आहे. त्याआधी तुझे पत्र आले तर वाचीन. तोवर तुझ्या पाया पडते, पहाटे घराबाहेर जाऊ नकोस.

भागरता


बेलटोला,
९ एप्रिल

भागरताले मायचा आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. पण मी मुश्ताककडं कालच गेलती. "लिही" म्हणाली, अन् मंग "राहू दे" म्हणून उठून आली. त्याले विचार. (खरे आहे. — मुश्ताक)

काल पहाटे मंगली आली नाई. तिच्या पोराले ताप होता. मी म्हणलं, वाट पायाले माहीत आहे. पायाले होतीच माहीत. झाडाखाली पोचली. मोहाचा वास होता, फुलं पडून राह्यली होती, आवाज येत होता. मी खाली बसून हातानं चाचपून वेचाले लागली. थोड्या वेळानं पल्याडून बी कोणीतरी वेचून राह्यलं, असं वाटलं. मले वाटलं शकुबाई होय. तिले सवय आहे दुसऱ्याच्या झाडाखाली घुसाची. मी म्हणलं, "शकुबाई, हे झाड आमचं होय वं. तुमचं नाल्यापल्याड." वेचणं काही थांबलं नाई. मी म्हणलं, "आयकून बी येत नाई का आता?"

मंग नाकातून जोरानं हवा सोडल्यावानी आवाज आला, अन् वास आला. शकुबाई नोहती. अस्वल होतं.

भागे, मी वरडली नाई. पळाले दिसत नोहतं, मंग पळू कुठी? टोपलं छातीशी धरून तशीच बसली. ते खाऊन राह्यलं, मी आयकून राह्यली. जवळ आलं, दूर गेलं, पुन्हा जवळ आलं. डोळ्यांपुढं काही नाई. नुसतं काळं. दिसलं असतं तर एवढी भ्याली नसती. उजेड झाला तवा ते गेलतं. माझ्या पायाजवळची फुलं खाऊन गेलतं, तिथली माती ओली होती.

बसल्या बसल्या एकच मनात येत होतं. मी इथी मेली तर पोरगी म्हणन, मायनं पुष्य पाहला होता, तिचे डोळे चांगले होते, मंग तिले अस्वल कसं दिसलं नाई? जल्मभर म्हणत राहीन. तिले कोण सांगन?

म्हणून मुश्ताक, आता लिही. मले रातच्याले दिसत नाई. दिवाळीपासून नाई. पुष्य पाहला नाई. खाटलं बी दिसत नाई, चोर बी दिसत नाई.

काल विहिरीवर सगळ्यायले सांगतलं. मंगली रडली. शकुबाई म्हणाली, "मले अस्वल म्हणाले तुले अंधाराचंच निमित्त भेटलं का?" हासलो सगळ्या. मोहाले आता सूर्य निघाल्यावर जाते. अर्धं हरणं खातात. खाऊ दे. मुश्ताक परवा कापड आणाले वडशाले जाते. जमीला मले त्याच्यासंग गाडीत घेऊन जाते, दवाखान्यात. जे सांगतील ते तुले कळवते, बरं असो का वाईट. बरं नसन तर बरं आहे असं लिहिणार नाई. मुश्ताकले बी सांगून ठेवलं का मी खोटं सांगतलं तर खाली तसं लिहित जाय.

आता तुझं. तू येऊन काय करशील? संध्याकाळी माझा हात धरशील? जमीला धरते. तुले येऊ नको असं मी म्हणत नाई. मागं मी तुझ्यासाठी एकटीनंच ठरवलं, त्यातून हे झालं. आता तुले सगळं माहीत आहे. तू ठरव.

माय


चांदा,
१३ एप्रिल

माय,

तुझे पत्र शुक्रवारी आले. शनिवारी मी स्टेशनवर गेले नाही. हे बरोबर केले की नाही ते मला अजून ठरवता येत नाही. गाडीची शिटी इथे वसतिगृहात ऐकू येते. ती वाजली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. मग उघडले.

पाठ मी बाईंकडून परत मागून घेतला. तुझ्या उत्तराखाली मी लिहिले की माझ्या विद्यार्थिनीला रात्री दिसत नाही, तिने तारे पाहिलेले नाहीत, आणि शिकवणारीनेही शिकवण्यापूर्वी पाहिले नव्हते. बाईंनी ते वाचले. पाठाला गुण दिले नाहीत. "नियम आहे," म्हणाल्या. मी दाराशी पोचल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि विचारले, "आई वडशाला गेल्या का?"

काल चंद्र नव्हता. मी एकटीच गच्चीवर गेले. दोन तारे मावळतीकडे, विळा उगवतीकडे. मधे बराच वेळ काहीच दिसले नाही. मग डोळे थोडे बाजूला वळवले तेव्हा दिसला. भाकरी थापल्यावर हात झटकला की काळ्या भिंतीवर पीठ बसते ना, तेवढाच. सरळ पाहिले की नाहीसा होत होता. तू पाहिला असतास तर तुला आवडला असता की नाही, मला सांगता येत नाही. 'यासाठी एवढं?' असे तू म्हणाली असतीस, असे वाटते.

तुझे डोळे सुधारतील असे मी मनाशी धरून बसत नाही. नाही सुधारले तर काय करायचे, याचाही विचार मी सुरू केला आहे. शाळा मागताना आपल्या गावाजवळची मागीन. मिळेलच असे नाही. मिळाली नाही तर जिथे मिळेल तिथे तुला यावे लागेल. तू नाही म्हणशील. तेव्हा भांडू, पण समोरासमोर.

दवाखान्यात काय म्हणाले ते कळव. मुश्ताकभाऊंनी खाली काही लिहिले तर त्यांच्यावर चिडू नकोस.

परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी निघते. सकाळची गाडी घेतली तर रात्री घर गाठता येते, कोणाला त्रास नको, असे आधी मनात होते. आता तसे करणार नाही. वडशाला मुक्काम करीन आणि गावात भर दुपारी पोचेन. तेव्हा तुला लांबूनही माणूस ओळखता येते. वेशीपर्यंत एकटी ये. मी हाक मारणार नाही. तूच मला आधी बघ.

तुझी,
भागरता